रडता आले नाही म्हणून अभिनय सोडावा का?

वाचकाचे पत्र, थोडक्यात : वय तेवीस. पदवीनंतर नोकरी न धरता नाट्यशिक्षणाच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला, त्याला तीन महिने झाले. शाळेपासून नाटकांत कामे केली, बक्षिसे मिळाली, त्यामुळे येथे आल्याबरोबर भूमिका मिळतील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात सकाळी जमिनीवर पाठ टेकून श्वासाचे व्यायाम, दुपारी प्राचीन ग्रीक नाटकांचे वाचन आणि संध्याकाळी वरच्या वर्गाच्या नाटकाची प्रॉपर्टी, म्हणजे रंगमंचावर लागणाऱ्या वस्तू, सांभाळणे, असा दिनक्रम आहे. गेल्या आठवड्यात निरोपाच्या प्रसंगावर उत्स्फूर्त प्रवेश करायचा होता. आजीच्या मृत्यूची आठवण मनात आणून रडण्याचा खूप प्रयत्न केला. रडू आले नाही, म्हणून आवाज कापरा केला. वर्गातल्या एका मुलीला त्याच प्रसंगात सहज रडू आले आणि सगळा वर्ग स्तब्ध झाला. शिक्षक एवढेच म्हणाले, "तू दाखवतो आहेस, करत नाहीस." अभिनय उपजतच असावा लागतो का? तो माझ्यात नसेल तर वेळीच बाहेर पडावे का? आणि राहायचेच असेल, तर श्वास, इतिहास आणि प्रॉपर्टी यांत वेळ कशासाठी घालवायचा?

उत्तर :

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. दुसऱ्या वेळी हातात पेन्सिल घेऊन वाचले, कारण पहिल्या वाचनात काहीतरी राहून गेल्यासारखे वाटत होते. रडण्याचा उल्लेख पत्रात वारंवार येतो. तुमच्या रडण्याचा, न आलेल्या रडण्याचा, दुसऱ्या कोणाच्या रडण्याचा. प्रवेश मात्र निरोपाचा होता, आणि निरोप कोणाला द्यायचा होता हे पत्र संपेपर्यंत मला कळले नाही. तो माणूस कुठे निघाला होता, परत येणार होता की नव्हता, तुम्हाला त्याला थांबवायचे होते की लवकर वाटेला लावायचे होते, यांपैकी एकही गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही. तुमची अडचण मला तेथे दिसते. डोळ्यांतल्या पाण्याचा तिच्याशी फारसा संबंध नाही.

तुम्ही एक गोष्ट गृहीत धरली आहे, आणि ती धरणारे तुम्ही एकटे नाही : अभिनय म्हणजे आतली भावना बाहेर आणून दाखवणे. ही समजूत इतकी पसरलेली आहे की तिच्याकडे समजूत म्हणून कोणी पाहत नाही. पण या कलेची जुनी नावे उलगडून पाहा. 'ड्रामा' हा शब्द ग्रीक भाषेतल्या 'करणे' या अर्थाच्या क्रियापदापासून आला, 'थिएटर' म्हणजे पाहण्याची जागा, आणि आपल्या 'अभिनय' शब्दात 'नी' म्हणजे नेणे या धातूला 'अभि' हा उपसर्ग लागलेला आहे. नाट्याचा अर्थ प्रेक्षकाच्या समोर नेणे, असे त्याचे स्पष्टीकरण भरतमुनींच्या 'नाट्यशास्त्र' या प्राचीन ग्रंथातच दिलेले आहे. करणे, पाहणे आणि नेणे. 'वाटणे' यांपैकी एकाही शब्दाच्या मुळाशी नाही. शोकांतिकेची व्याख्या करताना ॲरिस्टॉटलनेही तिला कृतीचे अनुकरण म्हटले, आणि तिची सहा अंगे सांगताना कथानकाला पहिले स्थान देऊन स्वभावचित्रणाला दुसरे दिले.

नाट्यशास्त्राचा विषय निघालाच आहे तर थोडे थांबते, कारण तुमच्या प्रश्नाचे एक नेमके उत्तर तेथे आहे. अभिनयाचे चार प्रकार तुम्हाला पहिल्याच आठवड्यात सांगितले गेले असतील : आंगिक म्हणजे शरीराचा, वाचिक म्हणजे वाणीचा, आहार्य म्हणजे वेशभूषा आणि वस्तूंचा, आणि सात्त्विक म्हणजे मनाच्या अवस्थेतून उमटणारा. यांतल्या सात्त्विकाखाली आठ भाव येतात, स्तंभ (थिजणे), स्वेद (घाम), रोमांच, स्वरभेद (आवाज बदलणे), वेपथू (कंप), वैवर्ण्य (रंग उडणे), अश्रू आणि प्रलय (शुद्ध हरपणे). म्हणजे ज्या अश्रूंवरून तुम्ही स्वतःला नापास केले आहे, ते चारांपैकी एका प्रकारातल्या आठांपैकी एक आहेत. अर्थात हा हिशेब मी थोडा खोडसाळपणे मांडला आहे, कारण सात्त्विकाचा अंश जेथे अधिक तो अभिनय श्रेष्ठ, असेही त्याच ग्रंथात म्हटले आहे. परंतु सत्त्व कसे उत्पन्न होते, याचे त्या ग्रंथाने दिलेले उत्तर महत्त्वाचे आहे : मन एकाग्र झाल्याने. आता तो प्रवेश आठवा. तुमचे मन एकाग्र नव्हते असे मी म्हणणार नाही, ते फार एकाग्र होते. पण ते तुमच्या स्वतःच्या डोळ्यांवर होते, पाणी येते आहे की नाही याची पाहणी करत. निरोप देणाऱ्या माणसाचे मन तेथे नसते. ते निघालेल्या माणसावर असते, त्याच्या हातातल्या सामानावर असते, पाच मिनिटे उरली आहेत आणि जे बोलायचे ते अजून बोललो नाही या टोचणीवर असते.

नटाला खरोखर वाटले पाहिजे की नाही, हा वाद फार जुना आहे आणि तो तुमच्या वर्गात मिटणार नाही. दनी दिदरो या फ्रेंच विचारवंताने 1770 च्या दशकात असा पक्ष मांडला की थोर नट स्वतः थंड डोक्याचा असतो आणि म्हणूनच तो दर रात्री तेच काम त्याच उंचीवर करू शकतो; हे लेखन त्याच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी, 1830 मध्ये प्रसिद्ध झाले. दुसऱ्या बाजूला कॉन्स्तान्तिन स्तानिस्लावस्की यांचे नाव घेतले जाते. 1898 मध्ये स्थापन झालेल्या मॉस्को आर्ट थिएटरच्या दोन संस्थापकांपैकी ते एक. नटाने स्वतःच्या आयुष्यातल्या भावनांची आठवण जागी करून ती भूमिकेसाठी वापरावी, या तंत्राचा त्यांनी एका काळात बराच अभ्यास केला. तुम्ही आजीची आठवण काढलीत, ती या तंत्राची कोठून तरी कानावर पडलेली आवृत्ती असावी. मात्र पुढची हकीकत सहसा कानावर पडत नाही. स्टेला ॲडलर ही अमेरिकन अभिनेत्री या तंत्राने बेजार झाली होती. 1934 मध्ये पॅरिसमध्ये ती स्तानिस्लावस्कींना भेटली, काही आठवडे त्यांच्याबरोबर काम केले, आणि परत जाऊन तिने आपल्या सहकाऱ्यांना सांगितले की भर नाटककाराने दिलेल्या परिस्थितीवर आणि कल्पनाशक्तीवर द्यायचा आहे, वैयक्तिक दुःखाच्या उत्खननावर नव्हे. तिच्या गटात त्यावरून मोठी फूट पडली. खुद्द स्तानिस्लावस्की आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत भावनेला थेट हात न घालता साध्या शारीरिक कृतींच्या मालिकेतून भूमिकेपर्यंत पोहोचण्याची पद्धत शोधत होते.

म्हणून या बाबतीत मी स्पष्ट सांगते : आजीला तालमीच्या खोलीत आणू नका. काही नट स्वतःच्या आठवणींवर काम करतात आणि चांगले करतात, हे मला मान्य आहे. पण ते जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखाली, आणि ज्या जखमा भरल्या आहेत त्यांच्याच बाबतीत. ताजे दुःख वापरायला काढले की दोनपैकी एक होते. एकतर ते नटाच्या ताब्यात राहत नाही आणि प्रवेश कोलमडतो, नाहीतर दहाव्या तालमीपर्यंत त्याची धार जाते आणि माणसाला आपल्याच आठवणीशी बेइमानी केल्यासारखे वाटू लागते. हे तुमच्यासारख्या इतरांनाही लागू आहे. एखादा व्यायाम अंगावर येत असेल तर तो थांबवून शिक्षकांशी बोलणे हा विद्यार्थ्याचा हक्क आहे, आणि त्याने कोणी कच्चा ठरत नाही.

आता शिक्षकांच्या त्या वाक्याकडे येते. "दाखवतो आहेस, करत नाहीस" हे तुम्हाला निकालासारखे ऐकू आले. मला ते एक तांत्रिक सूचना वाटते, फक्त अर्धी बोललेली. उरलेली अर्धी एका उदाहरणाने पुरी करते.

अंतोन चेखव यांचे 'द चेरी ऑर्चर्ड' हे 1904 मध्ये रंगभूमीवर आलेले नाटक तुमच्या वाचनात पुढे येईलच. त्याच्या चौथ्या अंकात एक लहानसा प्रवेश आहे. जमीनजुमला विकला गेला आहे, सगळे घर सोडून निघाले आहेत, आणि व्यापारी लोपाखिन घरच्या दत्तक मुलीला, वार्याला, आता तरी लग्नाची मागणी घालील म्हणून दोघांना मुद्दाम एकटे सोडले आहे. वार्या येते आणि बांधलेल्या सामानात बराच वेळ काहीतरी शोधते. तो विचारतो, काय शोधते आहेस? ती म्हणते, मीच ठेवले आणि आता आठवत नाही. मग ती कुठे जाणार, तो कुठे जाणार, हवा कशी आहे, थंडी किती आहे, अशी बोलणी होतात. ती सांगते की थर्मामीटर फुटला आहे. बाहेरून कोणीतरी लोपाखिनला हाक मारते आणि जणू त्या हाकेचीच वाट पाहत असल्यासारखा तो चटकन निघून जातो. मग वार्या जमिनीवर बसून कपड्यांच्या गाठोड्यावर डोके टेकवते आणि हळू रडते.

रडणे सर्वांत शेवटी आहे. प्रेक्षकाच्या घशाशी जे दाटते ते थर्मामीटरपाशीच दाटून झालेले असते. आता समजा तुम्हाला या प्रवेशात काम करायचे आहे. वार्याचे दुःख दाखवायला निघालेली नटी प्रवेश करताक्षणी डोळे भरून येईल, सामान नुसते चाचपडेल, आणि प्रत्येक वाक्याला कंप देईल. मग लोपाखिनने ते पाहूनही न पाहिल्यासारखे करायचे, आणि प्रवेश तेथेच संपतो. कृती करायला निघालेली नटी आधी विचारील की मी शोधते आहे ते नेमके काय. ती स्वतःसाठी एखादी वस्तू ठरवील आणि ती खरोखरच शोधील. त्याच वेळी तिला ठाऊक असेल की हा शोध म्हणजे त्याला बोलायला दिलेला वेळ आहे, आणि वस्तू सापडली तर तेथे थांबण्याचे निमित्तच उरणार नाही. एवढे तिने पक्के केले, तर तिला रडायची फारशी चिंता करावी लागत नाही. एखाद्या प्रयोगात डोळ्यांत पाणी येईल, एखाद्यात येणार नाही, आणि प्रेक्षकांना फरक कळणार नाही.

तालमीच्या भाषेत याला 'दिलेली परिस्थिती', 'उद्दिष्ट', 'कृती' अशी नावे आहेत. नावांपेक्षा प्रश्न उपयोगी पडतात : मी कोण, समोरचा कोण, आत्ताच काय घडून गेले, त्याच्याकडून मला काय हवे आहे, ते मिळण्याच्या आड काय येते, आणि ते मिळवण्यासाठी या वाक्याने मी त्याला काय करतो आहे. शेवटचा प्रश्न सर्वांत कामाचा. त्याचे उत्तर क्रियापदात आले पाहिजे आणि ते क्रियापद समोरच्यावर चालले पाहिजे : विनवतो, टोचतो, अडवतो, चाचपतो, हसवून वेळ काढतो. 'दुःखी आहे' हे उत्तर वाक्य म्हणून बरोबर असले तरी रंगमंचावर करता येत नाही.

ज्या सहाध्यायिनीला रडू आले तिच्याबद्दल दोन शब्द. तिच्याकडे जे आहे ते खरेच आहे आणि त्याची ईर्षा वाटणे स्वाभाविक आहे. मात्र तिच्यापुढेही काम आहेच : तेच विसाव्या प्रयोगात, सर्दी झालेली असताना, शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोहोचवत करता आले पाहिजे. तुम्ही दोघे एकाच वाटेवर दोन वेगळ्या टोकांकडून निघालेले आहात. तिला विचारून पाहा, त्या वेळी ती कशाकडे पाहत होती. उत्तर ऐकण्यासारखे असेल, असा माझा अंदाज आहे.

तुमच्या दिनक्रमाच्या तक्रारीत ग्रीक नाटके आहेत, आणि गंमत अशी की तुमच्या दुखण्यावरचा एक उतारा तेथेच पडून आहे. ग्रीक नट मुखवटा घालून काम करत असत. उघड्यावरच्या उतरत्या प्रेक्षागृहात हजारो लोक बसलेले, बोलणारे नट सुरुवातीला एक, मग दोन, आणि नाटककार सोफोक्लीसने तिसरा आणल्यावर तीन. एकेका नटाने मुखवटा बदलून दोन-तीन भूमिका करायच्या. त्या नटाच्या डोळ्यांत आलेले पाणी एकाही प्रेक्षकाला दिसणे शक्य नव्हते. तरीही ॲरिस्टॉटलला करुणा आणि भीती या दोन भावनांवर शोकांतिकेचे विवेचन उभे करावेसे वाटले. मग ती करुणा प्रेक्षकांपर्यंत पोहोचत होती कशातून? आवाजातून, उभे राहण्यातून, शब्दाच्या जागेतून आणि घटनांच्या रचनेतून. हा प्रश्न डोक्यात ठेवून सोफोक्लीसचे 'इडिपस' हे नाटक पुन्हा वाचा. इडिपस खुन्याचा शोध घेत असतो, प्रत्येक प्रवेशात कोणाला तरी काहीतरी विचारत असतो, आणि त्या विचारण्यातूनच स्वतःच्या सर्वनाशाकडे चालत जातो. अशी क्रियापदे गोळा करायला इतके चांगले नाटक दुसरे मिळणार नाही.

जमिनीवर पडून श्वास घेण्याचे कारण साधे आहे. आवाज म्हणजे बाहेर पडणारा श्वास. तो स्वरतंतूंना कंप देतो. उभे असताना आपण नकळत खांदे उचलून, मान ताठ करून वरवरचा श्वास घेतो. पाठीला जमिनीचा आधार मिळाला की मान, जबडा आणि पोट सैल सोडता येते आणि श्वास पडद्यापर्यंत, म्हणजे छाती आणि पोट यांमधल्या स्नायूपर्यंत, उतरताना हाताला जाणवतो. आता तुमचा कापरा आवाज आठवा. तो निघाला कसा? घसा आवळून. आवळलेल्या घशातून भावना तर जात नाहीच, शब्दही तिसऱ्या रांगेपुढे जात नाहीत. त्या सकाळच्या तासाला तुम्ही ज्याला वेळ घालवणे म्हणता, त्याची गरज तुम्हाला त्या प्रवेशात होती.

प्रॉपर्टीच्या कामाबद्दल मी जरा पक्षपाती आहे, कारण माझी सुरुवात तेथून झाली. एका नाटकात प्रवासी पेटी होती आणि ती रिकामी ठेवण्याची चूक मी केली. नटाची सोय होईल अशी माझी समजूत. तो पेटी घेऊन आत आला आणि 'सगळा संसार आणला आहे यात' असे म्हणत ती त्याने दोन बोटांनी उचलून टेबलावर ठेवली. प्रेक्षक हसले. पुढच्या प्रयोगाला मी पेटीत जुनी पुस्तके भरली. त्या वजनाने त्याची चाल बदलली, वाक्याच्या मध्ये श्वास आला, पेटी खाली ठेवल्यावर हात झटकावा लागला, आणि तेच वाक्य लोकांनी शांतपणे ऐकून घेतले. आहार्य अभिनय म्हणजे काय, हे मला त्या पेटीने शिकवले. विंगेत उभे राहून तुम्ही एकच प्रवेश दहा-पंधरा वेळा पाहणार आहात, आणि कोणत्या दिवशी तो जमतो व कोणत्या दिवशी ढिला पडतो, हे प्रेक्षागृहातल्या कोणालाही न दिसणारे तुम्हाला दिसणार आहे. ही जागा सोडू नका.

आता राहावे की जावे. अभिनय कोणालाही शिकवता येतो आणि कष्टाने प्रत्येक जण उत्तम नट होतो, असे मी म्हणणार नाही. तसे होत नाही. पण तीन महिन्यांत, एका उत्स्फूर्त प्रवेशावरून, स्वतःच स्वतःचे परीक्षक होऊन काढलेला निष्कर्ष कोणत्याही बाजूने विश्वसनीय नसतो. शाळेतल्या बक्षिसांवरून 'माझ्यात आहे' असे ठरवणे जेवढे कच्चे होते, तेवढेच हेही आहे. तुमच्यापुढे तीन वाटा आहेत. आत्ता सोडणे ही एक. आर्थिक अडचण किंवा घरची जबाबदारी असेल तर ती समजण्यासारखी आहे, पण तसे काही तुम्ही लिहिलेले नाही. पहिले वर्ष पुरे करून मग ठरवणे ही दुसरी, आणि माझे मत तिच्याकडे आहे. तिसरी, नाट्यशिक्षणात राहून प्रकाशयोजना, दिग्दर्शन, लेखन किंवा रंगमंच व्यवस्थापनाकडे वळणे. ही तिसरी वाट अभिनय जमला नाही म्हणून नाइलाजाने घेऊ नका. विंगेत उभे असताना नटापेक्षा दिव्याकडे लक्ष जाऊ लागले, तर मात्र तिचा विचार अवश्य करा.

वर्ष पुरे करायचे ठरवले तर मधल्या काळात 'माझ्यात आहे का' हा प्रश्न बाजूला ठेवा, कारण त्याचा गृहपाठ करता येत नाही. त्याऐवजी एक वही घाला. रोज दहा मिनिटे एखाद्या अनोळखी माणसाचे निरीक्षण करा आणि फक्त क्रियापदांत लिहा. 'चिडलेला होता' असे लिहायचे नाही. 'घड्याळ पाहिले, पिशवी या हातातून त्या हातात घेतली, उत्तर द्यायला तोंड उघडले आणि मिटले' असे लिहायचे. पाठांतर करताना शब्द सपाट पाठ करा, सूर लावून करू नका, कारण पाठ झालेला सूर समोरच्याने काहीही केले तरी बदलत नाही. नाटक वाचताना पहिल्यांदा एका बैठकीत वाचा. दुसऱ्यांदा आपल्या पात्राविषयी इतर पात्रे काय बोलतात ते वेगळे काढा, आणि ते खरे बोलत असतीलच असे धरून चालू नका. शिक्षकांना 'मी कसा होतो' हे विचारू नका. 'मी दाखवायला नेमकी कुठे सुरुवात केली' हे विचारा. याचे उत्तर त्यांना बोट ठेवून देता येईल.

आणि तो निरोपाचा प्रवेश पुन्हा करायची परवानगी मागा. या वेळी समोर एका सहाध्यायाला घ्या. तो कोण, कुठे निघाला आणि का, हे दोघांनी मिळून ठरवा. त्याची एखादी वस्तू, किल्ली म्हणा किंवा चश्मा, त्याला न सांगता तुमच्या खिशात ठेवा. ती सापडेपर्यंत तो निघू शकत नाही आणि ती तुमच्याकडे आहे, हे फक्त तुम्हाला माहीत असेल. तो शोधू लागेल, तुम्हालाही त्याच्याबरोबर शोधण्याचे नाटक करावे लागेल, आणि मध्येच तो तुमच्याकडे पाहील. ती वस्तू त्याला कधी द्यायची, एवढेच तुम्ही ठरवायचे आहे.